रात्री मान हलवणारा कॅमेरा : कमजोर वायफायच्या एका तक्रारीचा तपास

रत्नागिरीहून पावसकडे जाणाऱ्या रस्त्याला आत एक वाडी आहे. तिथल्या एका जुन्या घरात काकू एकट्या राहतात. मुलगा पुण्याला. गेल्या मार्चमध्ये त्याने खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, कडेला असलेल्या खांबावर वायफायचा कॅमेरा बसवून घेतला. बेडं (कुंपणाचं फाटक), विहिरीची वाट आणि पडवीची पायरी एका नजरेत दिसावी एवढीच त्याची अपेक्षा होती. एप्रिल-मेमध्ये कॅमेरा नीट चालला. जून उजाडला आणि चित्र अडकायला लागलं. जुलैमध्ये तर संध्याकाळ झाली की अ‍ॅपमध्ये ‘डिव्हाइस ऑफलाइन’ एवढंच दिसायचं.

मला फोन आला तोवर घरच्यांनी दोन उपाय करून पाहिले होते. फायबरचा प्लॅन ४० एमबीपीएसवरून १०० वर नेला होता आणि एक वायफाय एक्स्टेंडर, म्हणजे राउटरचा सिग्नल ऐकून पुढे पाठवणारी डबी, आणून पडवीतल्या कोपऱ्यातल्या बोर्डावर लावला होता. पहिल्या उपायाने काही फरक पडला नाही, दुसऱ्याने त्रास वाढला. मुलगा म्हणाला, “दादा, रेंजचाच प्रॉब्लेम आहे ना? आणखी मोठा एक्स्टेंडर घेऊ का?” मी म्हटलं, मी येऊन बघेपर्यंत काहीही घेऊ नकोस.

मी घराघरांत नेटवर्क आणि कॅमेरे जोडायचं काम करतो. ‘वायफाय वीक आहे’ हे वाक्य मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतं. ताप आलाय म्हणण्यासारखंच ते आहे, त्यावरून औषध देता येत नाही. या घरात तर एकावर एक तीन वेगळी दुखणी होती आणि तिन्ही अ‍ॅपमध्ये एकाच शब्दात दिसत होती. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

घर आणि भिंती

घर चिऱ्याचं, वर कौलं. मधे माजघर, पुढे ओटी, तिच्यापुढे पडवी, पडवीला लागून खळं. फायबर मागच्या बाजूने येतो, त्यामुळे राउटर माजघरातल्या कोनाड्यात ठेवलेला आणि त्याला खेटून लोखंडी कपाट. राउटरपासून कॅमेऱ्याचा खांब सरळ रेषेत सोळा मीटरच्या आसपास. अंतर म्हणून हे काहीच नाही, मोकळ्या मैदानात कुठलाही साधा राउटर एवढ्यावर आरामात पोचतो. पण इथे मधे चिऱ्याच्या दोन जाड भिंती आहेत. चिरा सच्छिद्र दगड, पावसाळ्यात तो पाणी पितो आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा वायफाय जास्त अडवते. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं. कॅमेरा फक्त २.४ वर चालणारा होता, ते एका परीने बरंच, कारण ५ गिगाहर्ट्झ अशा भिंतींपुढे आणखी लवकर हात टेकतं.

पोचल्यावर मी आधी काकूंशी बोललो. मुलगा अ‍ॅपमध्ये जे दिसतं ते सांगत होता, काकू खांबाखालून रोज जात होत्या. काय होतं विचारल्यावर त्या जरा घुटमळल्या. मग हळूच म्हणाल्या, “अरे, तो रात्री आपोआप मान हलवतो. इकडून तिकडे फिरतो आणि परत समोर बघतो. मी चार-पाच वेळा बघितलंय. बाहेरून कोणी बघत असेल काय रे?” मुलाला त्यांनी हे सांगितलं होतं. त्याला वाटलं, आईला भास होतोय.

मला तेव्हाच खूण पटायला हवी होती, पण मी आधी फोन काढून रेंज मोजायला घेतली.

मोजमाप

अँड्रॉइड फोनवर वायफायचा जोर आकड्यात दाखवणारी फुकट अ‍ॅप मिळतात. दांड्या बघू नका, आकडा बघा. तो उणे डीबीएममध्ये असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. राउटरशेजारी उणे ३५ ते ४०. कॅमेऱ्याचं चित्र न अडकता यायचं तर खांबावर उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून बरं हवं. उणे ८० च्या पलीकडे जोडणी असून नसल्यासारखी. हे मोजमाप सरळ पायरीचं नाही हेही ध्यानात ठेवायचं : ३ डीबी कमी झाले की जोर निम्मा होतो, १० कमी झाले की एक दशांश.

राउटरपाशी उणे ३५, ओटीवर उणे ५६, पडवीच्या मध्यावर उणे ६७, आणि खांबाखाली उणे ८३. भिंतींमुळे पडलेली घसरण समजण्यासारखी होती. पण पडवीच्या मध्यापासून खांबापर्यंत फार तर सात-आठ मीटर, तेही उघड्यावर, आणि तेवढ्यात १६ डीबी गेले कुठे?

उत्तर डोळ्यांसमोर उभं होतं. पावसाळ्यात पश्चिमेचा पाऊस तिरका आत येतो म्हणून कोकणात पडवीला झडी लावतात. पूर्वी झापांच्या असायच्या, आता ताडपत्री किंवा पत्रा. काकूंकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात पत्र्याचा आडोसा बसवला होता, नेमका पडवी आणि खांब यांच्या मधे. धातूचा पत्रा वायफायच्या लहरी आरपार जाऊ देत नाही, परतवतो. कॅमेऱ्यापर्यंत जे पोचत होतं ते कडेकडेने वळसा घालून. मी आणि शेजारचा मुलगा, दोघांनी पत्र्याच्या खुंट्या सोडून तो दोन मिनिटं बाजूला धरला. खांबाखालचा आकडा उणे ८३ वरून उणे ७१ झाला. बारा डीबी, म्हणजे सोळापट. मेमध्ये चालणारा कॅमेरा जूनमध्ये का रडायला लागला, त्याचं अर्धं उत्तर तिथे मिळालं.

पत्रा काढून टाका म्हणणं सोपं होतं. पण पत्रा काढला तर पाऊस ओटीपर्यंत येतो आणि घर सांभाळणं कॅमेऱ्यापेक्षा मोठं आहे. पत्रा राहणार हे धरूनच पुढचा विचार केला.

एक्स्टेंडरने काय केलं

एक्स्टेंडर लावल्यावर कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्ये सिग्नल उत्तम दिसत होता, तरी चित्र गोठत होतं. घरच्यांचा गोंधळ इथे झाला. अ‍ॅप सांगतं ते कॅमेरा आणि एक्स्टेंडर यांच्यामधलं अंतर कसं पार होतंय एवढंच. एक्स्टेंडरला स्वतःला राउटर किती ऐकू येतो, ते त्यात कुठेच नसतं. हा एक्स्टेंडर कोपऱ्यातल्या खालच्या बोर्डावर होता, पाठीशी चिऱ्याची भिंत, शेजारी भात साठवायची पत्र्याची कोठी. तिथे राउटरचा आकडा उणे ७५. ज्याला स्वतःला नीट ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला मोठ्याने काय सांगणार? शिवाय साधा एक्स्टेंडर एकाच चॅनेलवर (पट्ट्यातल्या एकाच मार्गावर) आधी ऐकतो, मग तेच पुन्हा पाठवतो. त्यामुळे हवेतला वेळ दुप्पट खर्च होतो आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. एक्स्टेंडर लावायचाच तर जिथे राउटर अजून ठणठणीत ऐकू येतो अशा मधल्या जागी लावावा. बहुतेक घरांत तो कॅमेऱ्याच्या जवळ लावलेला असतो, कारण माणसाला वाटतं, अडचण तिथे आहे.

प्लॅन वाढवण्याबद्दल एवढंच सांगतो की असा एक कॅमेरा नेटवर चित्र पाठवायला साधारण १ ते २ एमबीपीएस वापरतो. ४० चा प्लॅन त्याला भरपूर होता. घराबाहेरचा रस्ता रुंद केला, पण अडथळा माजघर आणि खळं यांच्या मधे होता.

दोन प्रकारचा खंड

रेंजचा दोष सापडला होता. पण एक गोष्ट त्यात बसत नव्हती. पत्रा दिवसाही तिथेच असतो, भिंती दिवसाही ओल्याच असतात. मग दिवसा कॅमेरा अडखळत का होईना चालतो आणि रात्रीच पूर्ण नाहीसा का होतो? गावात मोजून तीन-चार वायफाय. मुंबई-पुण्याच्या सोसायटीत संध्याकाळी पंचवीस राउटर एकमेकांवर ओरडत असतात, तसं इथे काही नव्हतं.

मी लॅपटॉप राउटरला केबलने जोडला. वायफायने जोडला तर लॅपटॉपची अडचण आणि कॅमेऱ्याची अडचण यांची सरमिसळ होते, म्हणून केबल. एक्स्टेंडर काढून ठेवला आणि कॅमेऱ्याच्या आयपी पत्त्यावर (घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) पिंग सोडून दिलं, म्हणजे ‘आहेस का?’ अशी सेकंदाला एक हाक. दुपारी पाच मिनिटांत ३०० हाकांपैकी ४१ वाया गेल्या. त्या विखुरलेल्या होत्या : एक इथे, दोन तिथे. ज्या परत आल्या त्यांचा वेळ कधी ६ मिलिसेकंद, कधी ९००. कमजोर रेंजचं हे खास लक्षण. बोलणं तुटक होतं, पण थांबत नाही.

संध्याकाळी मात्र पडद्यावर वेगळंच दिसायला लागलं. सहा-सात मिनिटं तशीच तुटक हजेरी, मग अचानक पंचेचाळीस-पन्नास सेकंद चिडीचूप, मग पुन्हा हजेरी. परत सहा-सात मिनिटांनी तीच पन्नास सेकंदांची पोकळी. रेंज कमी पडल्याने पडणारी पोकळी कधीच अशी मापात कापलेली नसते. दर वेळी तेवढाच वेळ म्हणजे यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होतंय. कॅमेरा सुरू होताना आपली मोटर तपासायला मान एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवतो आणि परत समोर येतो.

काकूंना भास होत नव्हता. त्या पहिल्या दिवसापासून नेमकं निदान सांगत होत्या.

खांबाखाली, सव्वासात वाजता

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी छत्री घेऊन खांबाखाली उभा राहिलो. कॅमेऱ्याच्या तोंडाशी, त्याची वायर काढून मधे एक छोटा यूएसबी मीटर जोडला होता, व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारा. उजेड होता तोवर ४.४५ व्होल्ट आणि पाव अँपिअर. सव्वासातनंतर अंधारलं आणि कॅमेऱ्यातून ‘टक्’ असा बारीक आवाज आला. रात्रीच्या चित्रासाठी आतली काच सरकते, तिचा तो आवाज. त्याबरोबर भिंगाभोवती लालसर ठिपके पेटले, अंधारात दिसण्यासाठी लागणारे इन्फ्रारेड दिवे. मीटरवर अर्धा अँपिअर झाला आणि व्होल्ट ३.८ वर उतरले. मी बघत राहिलो. पाच-सहा मिनिटांनी आकडा क्षणभर आणखी खाली झुकला, लाल ठिपके विझले, मीटरवरचा अँपिअरचा आकडा शून्याजवळ गेला, आणि मग पावसाच्या आवाजात ती मान सावकाश डावीकडे, मग उजवीकडे फिरली. काकू पडवीच्या पायरीवर उभ्या होत्या. “बघितलंस?” एवढंच म्हणाल्या.

वायर बसवणाऱ्याने ५ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पडवीतल्या बोर्डावर ठेवला होता आणि तिथून पाच मीटरची बारीक यूएसबी वायर खांबापर्यंत ओढली होती, मधे एक जोड. आतली तार पातळ, मोबाइलच्या स्वस्त चार्जिंग वायरीत असते तशी. असल्या तारेला मीटरमागे सुमारे ०.२ ओहम रोध असतो. वीज जाऊन परत येते, म्हणून पाच मीटरची वायर म्हणजे दहा मीटर तार, दोन ओहमच्या थोडं वर. अर्धा अँपिअर तिच्यातून गेला की एक व्होल्ट वाटेतच संपतो. २३० व्होल्टमधला एक व्होल्ट गेला तर बल्बलाही कळत नाही, ५ मधला एक गेला तर यंत्र गुडघे टेकतं.

मे महिन्यात हे कसंबसं भागत होतं, कारण ४ व्होल्टच्या आसपास कॅमेरा तग धरून होता. मग जोडावरची काळी टेप सोडवून पाहिली. आतली तांब्याची तार हिरवट पडली होती, बोटाला पूड लागत होती. समुद्राकडचा वारा आणि दीड महिन्याचा पाऊस. त्या जोडाने आणखी अर्धा ओहम घातला होता आणि उरलेला पाव व्होल्ट खाल्ला होता.

दोन दुखणी एकमेकांना धरून होती हेही लिहायला हवं. रेंज कमी झाली की कॅमेरा तीच माहिती हळू वेगाने आणि पुन्हा पुन्हा पाठवतो, म्हणजे त्याचा प्रक्षेपक जास्त वेळ चालू राहतो आणि वीज जास्त ओढतो. काठावर असलेल्या व्होल्टला ढकलायला तेवढं पुरतं. पत्र्याने रेंज खाल्ली, त्यामुळे विजेची भूक वाढली, आणि गंजलेल्या जोडाने ती भागवू दिली नाही.

खात्री करण्यासाठी त्या रात्री कॅमेरा पडवीच्या वायरीऐवजी पॉवर बँकेवर ठेवला, प्लॅस्टिकच्या डब्यात घालून खांबाला बांधला. वायर एक फूट. दहा हजार एमएएचची पॉवर बँक असल्या कॅमेऱ्याला रात्रभर पुरते. सकाळी पिंगची नोंद पाहिली तर पन्नास सेकंदांची पोकळी एकही नव्हती. तुटक हजेरी मात्र तशीच होती. म्हणजे दोन्ही दोष खरे होते आणि एकट्या वायरीने किंवा एकट्या रेंजने काम भागणार नव्हतं. घरच्या घरी करता येण्याजोगी ही सगळ्यांत सोपी चाचणी आहे. रात्री बंद पडणाऱ्या कॅमेऱ्याला मी आता आधी पॉवर बँक लावून बघतो आणि मगच वायफायला हात घालतो.

दुरुस्ती

खांबावर आधीच एक बल्ब होता, म्हणजे २३० व्होल्ट तिथपर्यंत पोचलेले होते. फक्त त्याचं बटण ओटीवर होतं आणि दिवसा ते बंद असायचं. गावातल्या वायरमनने बटण काढून ती लाइन कायम चालू ठेवली आणि अंधार पडल्यावर आपोआप लागणारा बल्ब बसवला. खांबावर पाणी न शिरणारी पेटी, तिच्यात अ‍ॅडॉप्टर, पेटीतून कॅमेऱ्यापर्यंत एक मीटरची जाड वायर. उघड्यावर वीज नेली की घराचा ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) चालतो का हे तपासायलाच हवं, ते त्याच्यासमोर बटण दाबून तपासलं. रात्री दिवे लागल्यावर आता मीटर ४.९ दाखवतो.

रेंजसाठी नवं काही घेतलं नाही. जुन्या ब्रॉडबँडचा राउटर कपाटात पडून होता. माजघरातून माळ्यावरून कॅट ६ प्रकारची नेटवर्क केबल टाकली, पडवीच्या दक्षिणेच्या टोकापर्यंत, आणि तो जुना राउटर तिथे कौलांखाली उंच, कोरड्या जागी बसवला. तिथून पत्रा चुकवून खांब तिरका दिसतो. जुन्या राउटरमधलं डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना आयपी पत्ते वाटण्याचं काम, बंद केलं, त्याला वेगळा आयपी पत्ता दिला, केबल लॅनच्या भोकात घातली, नाव आणि पासवर्ड घरातलेच ठेवले. खांबावर आकडा उणे ५२. तीनशे हाकांपैकी एकही वाया नाही, वेळ ३ ते ९ मिलिसेकंद.

केबल थेट खांबापर्यंत का नेली नाही, असं मुलाने विचारलं. नवीन कॅमेरा घ्यायचा असता तर मी एकाच केबलवर वीज आणि चित्र दोन्ही नेणारा पीओई कॅमेरा सुचवला असता, सुका भाग असेल तर तो सगळ्यांत भरवशाचा. पण हा कॅमेरा चार महिन्यांचा होता आणि चांगला होता. शिवाय इथे पावसाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा फार पडतात. उघड्यावर टाकलेल्या तांब्याच्या डेटा केबलमधून तो झटका थेट घरातल्या राउटरपर्यंत येऊ शकतो. शेवटचे सहा-सात मीटर हवेतून गेलेले बरे.

काकूंच्या भीतीबद्दल

मान का हलते ते कळलं होतं, तरी बाहेरून कोणी बघत असेल काय, हा त्यांचा प्रश्न मी सोडला नाही. मुलाच्या फोनवर कॅमेऱ्याचं खातं उघडलं, तर तो मालक नव्हताच, ‘पाहुणा’ होता. मूळ खातं बसवणाऱ्या माणसाच्या फोनवर होतं, त्याने ते फक्त वाटून दिलं होतं. त्याने कधी वाईट हेतूने पाहिलं असेल असं मी म्हणत नाही, कामाच्या घाईत हे सर्रास होतं. पण एकट्या बाईच्या पायरीवरचं चित्र परक्याच्या फोनवर चार महिने उपलब्ध होतं. त्याला फोन करून त्याच्याकडून कॅमेरा काढायला लावला, कॅमेरा रिसेट करून मुलाच्या खात्यावर नव्याने नोंदवला, पासवर्ड बदलला, सॉफ्टवेअर अद्ययावत केलं. कॅमेरा बसवून घेणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच दिवशी, बसवणारा समोर असतानाच, बघावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आठ दिवसांनी

पुन्हा फोन आला. रात्री चार तास लाईट गेली होती, आली तेव्हापासून कॅमेरा बंद. घरातले फोन मात्र पडवीत व्यवस्थित चालत होते. यातली चूक माझी होती. जुन्या राउटरचा चॅनेल मी ‘ऑटो’वर सोडला होता. लाईट आल्यावर त्याने स्वतः चॅनेल निवडला आणि निवडला तो १३. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनेल चालतात, फोनला ते सगळे दिसतात. पण काही कॅमेरे ११ पर्यंतच बघतात आणि हा त्यांतला. कॅमेऱ्याच्या लेखी ते वायफाय अस्तित्वातच नव्हतं. आता पडवीतला राउटर १ वर आणि माजघरातला ६ वर बांधून टाकला आहे, चॅनेलची रुंदी दोन्हीकडे २० मेगाहर्ट्झ. त्यानंतर ऑगस्टमध्ये तीनदा लाईट जाऊन आली, कॅमेरा दर वेळी आपला आपण परत जोडला गेला.

लाईट येते तेव्हा तो मान फिरवतो, हे काकूंना आता माहीत आहे. एरवी ती मान फक्त मुलगा पुण्याहून फिरवतो, आणि फिरवण्याआधी आईला फोन करतो.